प्रूफ वाचताना कानात काय असावं: गेम आणि अ‍ॅनिमेच्या संगीतातून कामाची यादी कशी लावायची

कामाच्या वेळी लावायला गेमचं संगीत शोधत असाल, तर ‘कुठलं छान आहे’ हे कुणाला विचारू नका. ‘हे गेममध्ये कुठे वाजतं’ ते विचारा. गावात वाजतं, माळावर वाजतं, पावसात वाजतं, दुकानात वाजतं असं उत्तर आलं, तर ते कामाचं. लढाईत, पाठलागात किंवा कुणी मरतं तेव्हा वाजतं असं उत्तर आलं, तर ते कितीही सुंदर असलं तरी कामाच्या यादीत नको. जागेचं संगीत घ्यायचं, प्रसंगाचं रविवारसाठी ठेवायचं.

मी नागपुरात, महाल भागात राहते आणि घरूनच डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं, काम करते. पुस्तकं, स्मरणिका, शाळांची गाइडं, आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर जातात. घराखालून रस्ता, समोर स्टीलच्या भांड्यांचं दुकान, शेजारी वेल्डिंगवाला. कानात काहीतरी हवंच असतं. गाण्यांनी माझं काम अडतं, बातम्यांनी तर त्याहून जास्त. गेमच्या संगीतावर माझं काम चालतं, आणि ते का चालतं हे कळलं की निवड सोपी होते.

गाणं ऐकण्यासाठी बनतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत दृश्याबरोबर धावतं, दृश्य संपलं की तेही संपतं. गेमच्या संगीतकाराला मात्र खेळणारा एका ठिकाणी किती वेळ थांबेल हे माहीतच नसतं. तो त्या गावात दोन मिनिटं राहील किंवा दोन तास. म्हणून धून अशी बांधावी लागते की तिचा शेवट तिच्या सुरुवातीला अलगद येऊन मिळतो आणि कितीही वेळा फिरून आली तरी खेळणाऱ्याच्या हाताला अडवत नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला तेव्हा निन्टेंडोच्या त्या यंत्रात आवाजासाठी जेमतेम पाच मार्गिका होत्या आणि मेमरी अगदी थोडी. कोजी कोंडो यांना छोट्या धुनांवरच सगळा खेळ पेलावा लागला. पुढे यंत्रं मोठी झाली, वाद्यवृंद आले, पण माणसाला त्याच्या कामात राहू द्यायचं आणि तरी जागेचा रंग धरून ठेवायचा, ही शिस्त टिकली. आपल्याला नेमकी तीच हवी असते.

जागा आणि प्रसंग यांतला फरक एकाच गेममध्ये ऐकायचा असेल तर २०१७ चा ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ घ्या. मोकळ्या माळावर फिरताना त्यात पियानोचे चार-सहा सूर येतात, मग वारा आणि गवताची सळसळ, मग बऱ्याच वेळाने पुन्हा दोन सूर. त्यावर मी अख्खा फर्मा वाचते, सोळा पानं, आणि संगीत चालू आहे हेही लक्षात राहत नाही. त्याच गेममध्ये ‘गार्डियन’ नावाच्या यंत्राने तुम्हाला पाहिलं की तोच पियानो एकदम धावायला लागतो. वाद्य एकच, पण दुसऱ्या तुकड्यात खांदे वर येतात आणि माउसवरची बोटं घट्ट होतात. म्हणून ‘पियानो’, ‘शांत’, ‘रिलॅक्सिंग’ अशा लेबलांवर भरवसा ठेवू नका.

तुम्ही स्वतः गेम खेळत नसाल तरी काही अडत नाही. घरात, शेजारी कुणीतरी खेळणारं असतंच. माझा भाचा सुट्टीत आला की मी त्याला नवीन अल्बम ऐकवते. तो दहा सेकंदांत सांगतो. ‘होलो नाइट’ या गेमचा अल्बम लावला तेव्हा ‘सिटी ऑफ टिअर्स’ वर म्हणाला, “हे चालते मावशी, इथे नुसता पाऊस पडत राहते.” ‘मॅन्टिस लॉर्ड्स’ लागताच त्याने हात पुढे करून बंदच केलं. “हे नको न, इथे सारखं मरा लागते.” ज्याने त्या जागी तासन्‌तास काढले आहेत त्याच्याइतकी चांगली चाळणी दुसरी नाही. असा माणूस जवळ नसेल, तर यूट्यूबवर त्या धुनेबरोबर खेळाचं चित्र असलेला व्हिडिओ मिनिटभर बघा. पडद्यावर कुणी चालतंय की कुणी पळतंय, एवढंच पाहायचं.

आता कामाकडे येऊ, कारण यादी ‘कामासाठी’ अशी एकच करून भागत नाही. माझ्या कामाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना वेगळं संगीत लागतं. तुमच्या कामाचेही असे प्रकार निघतील. हिशेब, कोडिंग, ड्रॉइंग, अभ्यास, काहीही असो, प्रश्न एकच विचारायचा: या वेळी माझ्या डोक्यात शब्द किंवा आकडे धरून ठेवलेले असतात का?

प्रूफ वाचताना असतात. मूळ प्रतीतली ओळ डोळ्यांनी उचलायची, मनातल्या मनात उच्चारत प्रुफापर्यंत न्यायची आणि तिथे अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहायची. विशेषतः श्रीलिपी या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार एक घर पुढे सरकलेला असतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला असतो, पोटफोड्या ‘ष’ च्या जागी ‘श’ बसलेला असतो. डोळा हे सोडून देतो, मनातला उच्चार पकडतो. आणि हा मनातला उच्चार जिथे चालतो तिथेच गाण्याचे शब्द घुसतात. पियेर सलामे आणि अ‍ॅलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हे तपासून पाहिलं होतं. आकड्यांची ओळ लक्षात ठेवायला दिली तेव्हा गायकीचं संगीत चालू असताना लोक जास्त चुकले, नुसत्या वाद्यसंगीतात त्याहून कमी. पूर्ण शांततेत सगळ्यांत कमी चुका झाल्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

इथे एक समजूत दूर करायची आहे, कारण अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघणारी बरीच मुलं मला ती सांगतात. जपानी गाणी चालतात म्हणे, कारण अर्थच कळत नाही. तसं नसतं. १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श यांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांची ओळ लक्षात ठेवायला सांगून मागे जर्मन उतारा ऐकवला होता. भाषा न येणाऱ्यांच्याही चुका वाढल्या. कान आधी आवाजातले बदल उचलतो, अर्थ पुढची गोष्ट. त्यामुळे अ‍ॅनिमेच्या अल्बममधली सुरुवातीची आणि शेवटची गाणी प्रूफच्या यादीतून काढाच, भाषा येवो न येवो. ‘निअर’ या २०१० च्या गेमसाठी एमी इव्हान्स या गायिकेने चक्क काल्पनिक भाषा रचून गाणी गायली आहेत. अप्रतिम काम आहे. मी ती मुखपृष्ठ जुळवताना लावते, प्रुफाला नाही. ‘सिटी ऑफ टिअर्स’मध्येही मागून एक बाईचा आवाज येतो, पण तो नुसता स्वर आहे, शब्दांचे तुकडे त्यात नाहीत. तो मला चालतो. तुम्हाला चालतो का, ते दोन पानं वाचून बघा.

प्रुफासाठी माझी पहिली पसंती ‘माइनक्राफ्ट’चा २०११ मधला अल्बम, ‘व्हॉल्यूम अल्फा’. सी४१८ या नावाने काम करणारे डॅनिएल रोझेनफेल्ड यांनी तो केला आहे. खेळात ही धून मध्येच येते, थोडा वेळ राहते आणि निघून जाते, मग कित्येक मिनिटं काहीच वाजत नाही. तीच विरळ बांधणी अल्बममध्ये आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याला जागा दिली. पण हा अल्बमही जसाच्या तसा लावू नका. त्यात ‘थर्टीन’ नावाचा तुकडा आहे, गुहेतल्यासारखे गूढ आवाज असलेला. तो लागला की मान वर होते. तो काढा आणि उरलेला तासाभराचा ठेवा.

करेक्शन मारणं हे दुसऱ्या जातीचं काम. प्रुफावर लाल शाईत खुणा आहेत, त्या फाइलमध्ये एकेक करून घ्यायच्या. डोक्यात फार धरून ठेवावं लागत नाही, पण कंटाळा येतो आणि कंटाळ्यात खूण सुटते. इथे विरळ संगीत उपयोगाचं नाही, झोप येते. इथे ठळक चाल हवी, हलकी, जरा आनंदी. ‘स्टारड्यू व्हॅली’ यासाठी उत्तम. २०१६ चा शेतीचा गेम आहे, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने गेमही केला आणि संगीतही. ऋतूंप्रमाणे धुना आहेत. वसंत आणि उन्हाळ्याच्या धुना करेक्शनला, हिवाळ्याच्या थोड्या निवांत, त्या मी रात्री लावते. शहरांचे, दुकानांचे, नकाशाच्या पडद्याचे जे तुकडे जुन्या जपानी गेममध्ये असतात, तेही या कामाला छान. खेळणारा तिथे सामान मोजतो, वस्तू लावतो, म्हणजे आपल्यासारखंच काहीतरी करत असतो.

तिसरं काम ले-आउट. चित्रं बसवायची, कॉलम जुळवायचे, पानं भरायची. इथे शब्द नाहीत, डोळा आणि हात आहेत. इथे ठेका चालतो, थोडं गाणंही चालतं. ‘सामुराय चॅम्प्लू’ या २००४ च्या अ‍ॅनिमेचं संगीत इथे लावते. त्याच्या संगीतकारांपैकी एक नुजाबेस. २०१० मध्ये रस्ता अपघातात ते गेले, आणि आज ‘लो-फाय’ म्हणून जे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ असतात त्यांच्यावर या माणसाची सावली आहे. ठेक्याची एक छोटी, फिरत राहणारी चक्री, तिच्यावर पियानो किंवा बासरीचा तुकडा, आणि तेच पुन्हा. ‘डिपार्चर’ नावाच्या अल्बममधलं पहिलं आणि शेवटचं गाणं शब्दांचं आहे, ती दोन बाजूला काढली की मधला भाग पानं लावताना सरळ सोडून देता येतो.

अ‍ॅनिमेच्या अल्बमवर गेमपेक्षा जास्त मेहनत घ्यावी लागते. टीव्ही मालिकेसाठी बहुतेक वेळा संगीत आधीच, एका यादीप्रमाणे लिहून घेतात: दुःखाचं एक, गमतीचं एक, संशयाचं एक, लढाईची तीन. मग भाग तयार होतील तसे त्यातले तुकडे उचलून बसवतात. म्हणून अल्बममध्ये अंत्ययात्रेच्या तुकड्याला लागून ढँणढँण विनोदी तुकडा येतो, आणि एकेक जेमतेम दोन मिनिटांचा. अख्खा अल्बम लावून बसलात तर दर दोन मिनिटांनी मूड बदलतो आणि काम तुटतं. एकदा वेळ काढून बसा आणि प्रत्येक तुकडा वीस सेकंद सुरुवातीचा, वीस सेकंद मधला ऐका. मधलं ऐकणं महत्त्वाचं, कारण बरेच तुकडे हळू सुरू होऊन मध्ये भडकतात. तीस तुकड्यांतून सात-आठ हाती लागले तरी समाधान माना. अपवाद ‘मुशिशी’. २००५ ची ही मालिका, तोशिओ मासुदा यांचं संगीत. घंटा, तारा, मोकळी हवा. त्यातलं फारच थोडं काढावं लागतं. हेच मासुदा ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेचेही संगीतकार, पण तिथे लढाया आहेत, त्यामुळे कात्री चालवावी लागते.

जो हिसाईशी यांच्याबद्दल वेगळं सांगते. ‘माय नेबर तोतोरो’, ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटांचं त्यांचं संगीत मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच ते मी कामात लावत नाही. सूर सुरू झाला की चित्रपट डोळ्यांपुढे येतो, पान समोरच राहतं. ज्यांनी चित्रपट पाहिलेच नाहीत त्यांना हे संगीत कामात खूप मानवेल. गेमचंही तसंच आहे. ज्या गेममध्ये तुम्ही आयुष्याचा मोठा काळ घालवला, त्याचं संगीत तुम्हाला खेळायला बोलावतं. खेळणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आवडीच्या गेमचं संगीत घ्यावं, हा माझा सल्ला भाच्यालाही मान्य आहे.

यादी तयार झाली की ॲपमध्ये चार गोष्टी करून घ्या. यादी संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी लागतं तो ऑटोप्ले बंद करा, नाहीतर मुशिशीच्या मागून गेममधल्या कुठल्यातरी ‘बॉस’ची, म्हणजे बड्या शत्रूची, लढाई येते. आवाजाची पातळी सारखी राखणारं नॉर्मलायझेशन चालू करा. क्रॉसफेड असेल तर पाच-सहा सेकंद ठेवा, म्हणजे धुना एकमेकींत विरघळतात. आणि यादी डाउनलोड करून ठेवा. जाहिरातींचं आणखी वेगळं दुखणं, शांत पियानोनंतर कर्ज घ्या म्हणून कुणीतरी ओरडतं. कित्येक गेमचं संगीत स्टीम किंवा बँडकॅम्प या साइटवर विकत मिळतं. जो अल्बम रोज वापरता तो विकत घ्या. पैसा बनवणाऱ्याकडे जातो आणि फाइल आपल्या हातात राहते, नेट गेलं तरी वाजते. शक्य असेल तिथे ज्या धुनांचा जोड चांगला आहे त्या एकेकट्या पुन्हा पुन्हा लावा. अल्बममध्ये सहसा धून दोनदा फिरवून मग विरत नेतात, त्यामुळे ती तीन-चार मिनिटांत संपते. खेळात ती संपत नाही.

आता कुलर. हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगून कळायचं नाही, पण नागपुरात एप्रिलमध्ये खिडकीला कुलर लागतो आणि जूनपर्यंत घरात दुसरा आवाज उरत नाही. मे महिन्यात पारा कधीकधी ४५ अंशांच्या वर जातो, कुलर बंद करायची सोय नाही. पंख्याची घरघर, पंपाची गुणगुण, वाळ्यावरून गळणारं पाणी. या जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाखाली बारीक आवाज झाकले जातात. हिवाळ्यात मन भरून ऐकलेले झेल्डाचे ते विरळ सूर मे महिन्यात ऐकूच येत नाहीत, आणि मग हात आवाज वाढवण्याकडे जातो. तो जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे, आणि ३ डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो. आपण रोज आठ तास कानात घालून बसणारी माणसं, ही मर्यादा आपल्यासाठीच आहे.

उन्हाळ्यात आवाज न वाढवता यादी बदला. ज्यात मोठे चढ-उतार नाहीत, तार छेडलेली आहे, बासरी आहे, जुन्या यंत्रांचे टोकदार सूर आहेत, असे तुकडे कुलरच्या वरून कमी आवाजातही कळतात. रुंद, धुक्यासारखे पसरलेले तुकडे दिवाळीनंतरसाठी ठेवा. इयरफोनचे रबरी बूच आपल्या कानाच्या मापाचे बसवा, एवढ्यानेही बाहेरचा आवाज बराच अडतो. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन घेणार असाल तर ते कुलरसारख्या एकसुरी आवाजावर सगळ्यांत चांगलं काम करतात. वेल्डिंगच्या ठोक्यांवर आणि माणसांच्या बोलण्यावर तेवढं नाही. आणि कधीकधी कुलरच पुरे असतो, तोच मागे ठेवून दुपारचं प्रूफ वाचून होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक महालातून जाते, त्या दिवशी मात्र कुठलाच हेडफोन कामाचा नाही, त्या दिवशी खाली उतरून मिरवणूक बघावी.

संगीत पूर्ण बंद करायच्या वेळाही ठरवून घ्या. पान छापायला जाण्याआधीचं शेवटचं वाचन मी शांततेत करते: शीर्षकं, माणसांची नावं, पृष्ठक्रमांक, किंमत, आणि श्रद्धांजलीच्या पानावरच्या तारखा. फोनवर लेखकाने सांगितलेली दुरुस्ती उतरवतानाही कान मोकळे हवेत. नवीन सॉफ्टवेअर शिकतानाही. जे काम हाताला बसलेलं आहे त्यालाच संगीत मानवतं.

घड्याळाऐवजी अल्बम वापरायची सवय मला फार उपयोगी पडली आहे. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ’ या गेममध्ये दिवसाच्या चोवीस तासांना चोवीस धुना आहेत, जो तास चालू तीच धून. सकाळी नऊची वेगळी, रात्री अकराची वेगळी. मी त्या तासांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. धून बदलली की पाणी प्यायचं, डोळे खिडकीबाहेर लांबवर न्यायचे, पाठ सरळ करायची. ‘अल्फा’ अल्बम संपला की उठायचंच, मग फर्मा पुरा झालेला असो वा नसो.

एखाद्या धुनेचा पुढचा सूर तुम्ही तोंडाने गुणगुणायला लागलात, की तिला तीन-चार महिने यादीतून बाहेर काढा, ती आता मागे राहत नाही. दिवाळी अंक छापायला गेले की मी अर्धी यादी अशी रिकामी करते, आणि भाचा सुट्टीला यायच्या आधी चार नवे अल्बम त्याला ऐकवायला बाजूला काढून ठेवते.

आजच सुरू करायचं असेल तर तीन छोट्या याद्या करा. वाचायच्या कामाला ‘व्हॉल्यूम अल्फा’, ‘थर्टीन’ काढून. हातच्या, कंटाळवाण्या कामाला स्टारड्यूचा वसंत आणि उन्हाळा. डोळ्यांच्या कामाला ‘डिपार्चर’चा मधला भाग. आवाज एवढाच ठेवा की दारावरची बेल ऐकू येईल. आठवडाभर हेच लावा, आणि ज्या तुकड्यावर हात थांबून मान वर होते, तो त्याच क्षणी यादीतून काढून टाका.